खोब्रागडे बाईंचा खर्च

खोब्रागडे बाईंना गडचिरोलीच्या कोर्टाच्या आवारात सगळेच थोडे भीत. त्या सगळ्यांत न्यायाधीश धरायचे की नाही, यावर वकिलांच्या खोलीत दोन मतं होती.

मी त्यांचा भाडेकरू. चामोर्शीच्या शाळेतून बदली होऊन गडचिरोलीला आलो आणि खोली शोधत त्यांच्या फाटकापाशी पोचलो, तेव्हा बाई अंगणात धान वाळवत होत्या. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, बायको कुठं असते तेही विचारलं नाही. दोनच प्रश्न.

"मास्तर, मटन चालते का?"

"चालतं."

"कबड्डी पायता का?"

"पाहतो की. शाळेत मीच घेतो."

"मंग सामान आना."

नंतर कळलं की माझ्याआधी एक निर्व्यसनी, शाकाहारी ग्रामसेवक येऊन गेला होता आणि बाईंनी त्याला खोली नाही म्हणून सांगितलं होतं. "तो क्रिकेट पायते म्हने," एवढंच त्या त्याच्याबद्दल बोलल्या.

बाईंची उंची कमी आणि आवाज भरपूर. पन्नाशी कधीच ओलांडलेली. पांढरी साडी, वर काळा कोट आणि कोटाच्या खिशात खर्र्याची पुडी. आमच्याकडे खर्रा कोण खात नाही, हा प्रश्न जास्त अवघड आहे, पण गालात तंबाखू-सुपारी धरून उलटतपासणी घेणारी वकील मी ती एकच पाहिली. एकदा एका नव्या न्यायाधीशांनी भर कोर्टात विचारलं, "बाई, तोंडात काय आहे?"

"युक्तिवाद आहे साहेब."

"मग तो बाहेर थुंकून या."

बाई बाहेर गेल्या, थुंकून आल्या आणि केस जिंकल्या. हा किस्सा त्या स्वतःच सांगत, आणि शेवटी म्हणत, "साहेब चांगला मानूस होता. लवकर बदली झाली."

नवरा वनविभागात होता, तो लवकर वारला. मुलगी नागपूरला नर्स. बाई एकट्याच राहत, पण घर कधी रिकामं नसे. धानोऱ्याकडून, कोरचीकडून, कुठून कुठून माणसं पहाटेच्या बसने येत आणि ओट्यावर बसून राहत. आलेल्या प्रत्येकाला बाई आधी जेवायला घालत. यात दयामाया होती असं कुणी समजू नये. उपाशी माणूस कोर्टात नीट बोलत नाही, आणि पोट भरलेला माणूस खोटं बोलला की लगेच ओळखू येतो, असा त्यांचा हिशोब. ताट पुढे ठेवायचं आणि तो घास घेत असतानाच ओरडायचं, "आता खरं सांग बे." पहिल्यांदा येणाऱ्याला ठसका हमखास लागे. घरामागच्या खोलीत मी वह्या तपासत असलो की ठसक्यावरून मला कळायचं, नवीन पक्षकार आला.

त्यांचं एक वाक्य गडचिरोलीत म्हणीसारखं झालं होतं: "माफी घरी ने, खर्च इथी ठेव." ते जन्मलं एका कोंबडीच्या प्रकरणातून. शेजारणीने एका म्हातारीवर कोंबडीचोरीची तक्रार केली. म्हातारीला तीनदा कोर्टात यावं लागलं. मग कोंबडी शेजारणीच्याच पाटीखाली, अंड्यांवर बसलेली सापडली. शेजारीण कोर्टात येऊन रडली, म्हातारीच्या पाया पडली. सगळ्यांचे डोळे ओले झाले. बाईंचे नाही. त्या म्हणाल्या, "साहेब, इच्या रडन्यानं माह्या म्हातारीच्या येन्या-जान्याचं भाडं निघत नाई. माफी ईनं घरी न्यावी आन खर्च इथी ठेवावा." भरपाई मिळाली की नाही कोण जाणे, पण वाक्य मात्र तालुकाभर फिरलं. चहाच्या टपरीवर उधारीवाल्याला सुद्धा लोक तेच ऐकवू लागले.

बाकीचे वकील तक्रारीच्या शेवटी एक ओळ टाकून मोकळे होतात, की न्यायालयाला योग्य वाटेल तो खर्च द्यावा. बाईंना ती ओळ अपमानास्पद वाटे. "कोर्टाले योग्य वाटन्याची वाट पाहत बसलो तं आपन म्हातारे होतो," त्या म्हणत. त्या खर्च मागत तो नावानिशी. आमच्या कबड्डीच्या केसमध्येही तेच झालं.

कबड्डीच्या वेळी बाईंना बघणं हा वेगळा खेळ होता. त्या स्वतः कधी खेळल्या नव्हत्या. लहानपणी खेळू दिलं नाही याचा राग त्यांनी पुढे कोणत्या ना कोणत्या पंचावर काढला. जिल्ह्यात कुठेही सामने असोत, स्कुटीवर निघायच्या, आणि मी आल्यापासून मागे मी. त्या वर्षी गडचिरोलीत मोठी स्पर्धा भरली. भरवणाऱ्या मंडळाचे बंडूभाऊ. मंडपाचा आणि सोफ्यांचा धंदा करणारे, हसतमुख, कुणालाही नाही न म्हणणारे आणि म्हणूनच कुणाचं काम न करणारे गृहस्थ. पहिल्या रांगेची तिकिटं जरा महाग होती. बाईंनी ती महिनाभर आधीच घेऊन ठेवली.

महिलांचा उपांत्य सामना दुपारी होता. आमच्या शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारा येऊन बसला. डोक्याला पांढरा फेटा, खांद्यावर पंचा. धानोऱ्याच्या पलीकडल्या एका पाड्यावरचा रैनू मडावी. त्याची मुलगी सुनीता सामन्यात खेळणार होती. त्याने तिचा एकही सामना पाहिलेला नव्हता. पाड्यावरून यायची सोय नाही, आणि आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. म्हणून त्याने पहिल्या रांगेचं तिकीट काढलं होतं. हे सगळं त्याने बाईंना दोन मिनिटांत सांगितलं, कारण बाईंनी विचारलं.

मग सोफे आले.

सामना सुरू होण्याच्या तोंडावर बंडूभाऊंची पोरं लाल मखमली सोफे उचलून आणू लागली आणि आमच्या पुढे, मैदानाच्या कडेला, ओळीने मांडू लागली. कारण पाहुणे येणार होते. पाहुणे आले. पाहुण्यांबरोबर त्यांची माणसं आली, ती सोफ्याच्या हातांवर बसली. ज्यांना हातही मिळाले नाहीत ती उभी राहिली. मग हार घालणं सुरू झालं, आणि हार घालायचा तर पाहुण्यानं उभं राहायला पाहिजे. मैदानात चढाई सुरू होती, आणि आमच्यापुढे पांढऱ्या कुडत्यांची भिंत.

बाईंनी एका पाहुण्याच्या खांद्यावर पर्सने टकटक केली. "भाऊ, तुमचं डोकं कोन्या पक्षाचं आहे? थोडं बाजूले घ्या."

पाहुणे हसले आणि तिथेच राहिले. मग बाई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढल्या. मी म्हणालो, "बाई, पाय." त्या म्हणाल्या, "चूप." तेवढ्यात खुर्चीचा एक पाय मोडला आणि बाई काळ्या कोटासकट रैनूच्या मांडीवर येऊन पडल्या. मागच्या रांगेत हशा पिकला. बाईसुद्धा हसत होत्या, रैनूला म्हणत होत्या, "दादा, हाडं शाबूत आहेत का?"

त्याच वेळी लाउडस्पीकरवर समालोचकाचा आवाज चढला. सुनीता मडावी चढाईला गेली आणि तीन जणींना बाद करून परत आली, असं तो ओरडून सांगत होता. मैदानाच्या पलीकडची सगळी गर्दी उभी राहिली. रैनूने माझ्या दंडाला धरलं.

"काय केलीन पोरीनं, मास्तर?"

मलाही काही दिसलं नव्हतं. मी कुडत्यांकडे बघत राहिलो. रैनूने समोरच्या भिंतीच्या फटीतून वाकून पाहिलं, मग दुसऱ्या फटीतून. तोपर्यंत चढाई संपली होती. बाईंचं हसू थांबलं. त्या उठल्या, साडी झटकली आणि मोडलेल्या खुर्चीचा पाय पर्समध्ये घातला.

"हे कशाला घेता?" मी विचारलं.

"पुरावा," बाई म्हणाल्या.

ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली. तक्रारदार रैनू आणि मी. बाईंनी स्वतःचं नाव घातलं नाही. "मीच तक्रारदार झाली तं वकिली कोन करीन? आन मी साक्षीला उभी राह्यली तं त्या बंडूले शिव्या कोन देईन?" असं त्यांचं कायदेशीर मत पडलं.

बंडूभाऊंनी चंद्रपूरहून वकील आणला. गोरा, हळू बोलणारा, इस्त्रीचा माणूस. त्याचा मुद्दा मोठा सुबक होता. तिकिटावर ‘प्रवेश व आसन’ असं छापलेलं आहे. तक्रारदारांना प्रवेश मिळाला, आसनही मिळालं. सामना दिसेल अशी हमी मंडळाने कुठेही दिलेली नाही.

आयोगाच्या अध्यक्षांनी बाईंकडे पाहिलं. "यावर तुमचं काय म्हणणं?"

बाई जागेवरून उठल्या आणि कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटामागे जाऊन उभ्या राहिल्या. तिथून त्यांचा आवाज आला. "साहेब, मुद्दा पहिला."

"बाई, तुम्ही कुठे आहात?"

"आयोगातच आहे साहेब. प्रवेश मिळाला मले. उभी राह्याले जागा बी मिळाली."

"पण दिसत नाही तुम्ही."

"दिसन्याची हमी कोनी देल्ली, साहेब? आयकू तं येते ना?"

अध्यक्ष तोंडावर रुमाल धरून खोकले. चंद्रपूरच्या वकिलाने हरकत घेतली, की हा आयोगाचा अवमान आहे. कपाटामागून आवाज आला, "बसाले माह्या घरी बी खुर्ची आहे, वकील साहेब. तिचे चारही पाय शाबूत आहेत. तुमच्या मैदानावर मानूस पाह्याले येते."

मग खर्चाची गोष्ट निघाली. अध्यक्षांनी रैनूला विचारलं, तुमचा काय काय खर्च झाला? बाईंनी त्याला बसभाड्यापासून बुडालेल्या मजुरीपर्यंत सगळं पढवून ठेवलं होतं. रैनू उभा राहिला, पंचा हातात घेतला, आणि सगळं विसरला.

"पोरीची मॅच गेली, साहेब," तो म्हणाला आणि खाली बसला.

बाईंनी कपाळाला हात लावला. बाकीचा खर्च मग त्यांनीच सांगितला.

निकाल आमच्या बाजूने लागला. तिकिटाचे पैसे, थोडी भरपाई, तक्रारीचा खर्च, आणि पुढे तिकीटवाल्यांच्या समोर कुणालाही बसवू नये असा आदेश. शाळेत माझं अभिनंदन झालं. कुणीतरी पेढे आणले. मला वाटलं, संपलं.

बाईंच्या मते सुरू झालं होतं, कारण बंडूभाऊ पैसे देईनात. रस्त्यात भेटले की लांबूनच हात जोडत. "बाई, जिंकल्या ना तुम्ही? मंग आता पैसे कायले? जिंकनं महत्त्वाचं." गंमत अशी की गावालाही तसंच वाटत होतं. वकिलांच्या खोलीतले लोक म्हणत, रक्कम केवढी, आणि त्यामागे हेलपाटे किती, सोडून द्या. मीही एकदा तसं बोललो. बाई तेव्हा पाट्यावर मिरची वाटत होत्या.

"मास्तर, जिंकनं घरी आनून मी काय कुकरमंदी शिजवू? त्या रैनूनं धानोऱ्यापोतर पायी, तठून बसनं, किती चकरा मारल्या? त्या बंडूनं देल्ल्या का? जिंकला त्याचाच खिसा रिकामा होत असन तं पुढच्या वेळी कोन तक्रार करते?" आणि मग, तितक्याच गंभीरपणे, "थोडा मसाला चाखून पाहा. मीठ झालं का?"

वसुलीचा अर्ज पडला. नोटिसा गेल्या. बंडूभाऊ घेईनात. शेवटी जामीनपात्र वॉरंट निघालं, आणि ते बजावायला गेलं की बंडूभाऊ नेमके कधी वडशाला, कधी लग्नाला. यात वर्ष गेलं आणि पुढची स्पर्धा आली. तेव्हा बंडूभाऊंना एक कल्पना सुचली. ते स्वतः बाईंच्या घरी आले, पेढ्यांचा डबा घेऊन. स्पर्धेच्या उद्घाटनाला जिल्ह्यातल्या कर्तबगार महिलेचा सत्कार ठेवला आहे, ती महिला तुम्ही. शाल, श्रीफळ, मानपत्र. म्हणजे मग आपल्यात काही राहणार नाही.

मला वाटलं, डबा आता हवेत उडणार. बाई म्हणाल्या, "येतो की. माह्या सोबत एक पाहुने येतीन, चालन ना?"

"दहा येऊ द्या," बंडूभाऊ म्हणाले.

उद्घाटनाला बाई नवी साडी नेसून गेल्या. सोबत पांढऱ्या शर्टातला एक मिशाळ गृहस्थ. सोफे त्या वर्षी आदेशाप्रमाणे तिकीटवाल्यांच्या मागे मांडलेले, त्यामुळे पाहुणे फुगलेले. बाईंना व्यासपीठावर नेलं. पाहुणे आहेत म्हटल्यावर मिशाळ गृहस्थालाही नेलं. बाईंना शाल घातली. गृहस्थालाही हार घातला. बंडूभाऊंनी स्वतः घातला. गृहस्थाने तो शांतपणे गळ्यातून काढला, मांडीवर ठेवला, खिशातून कागद काढला आणि म्हणाला, "बंडूभाऊ, मी ठाण्यातून आलो. हे तुमच्या नावचं वॉरंट."

तो हवालदार साध्या कपड्यांत होता. बंडूभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं, आणि खाली बसले.

बाईंनी माइक हातात घेतला. मंडळाचे आभार मानले, शाल उबदार आहे असं सांगितलं. मग म्हणाल्या, "आता एक बाकी आहे. बंडूभाऊ, जामीन देऊन उद्या आयोगात हजर राहा, नाई तं खर्च आत्ता भरा. माफी मागू नका, वेळ जाते. मॅच सुरू व्हायची आहे."

पैसे तिकीट खिडकीवरून आले. सगळे सुटे, चुरगळलेल्या नोटा, काही नाणी. बाईंनी ते माझ्याकडून मोजून घेतले, व्यासपीठावरच पावती लिहिली आणि ती माइकवर वाचून दाखवली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्या थांबेचनात. हवालदाराने तेवढ्यात हार परत गळ्यात घातला, घरी दाखवायला.

शाल खांद्यावर टाकून बाई खाली उतरल्या आणि थेट पहिल्या रांगेत गेल्या. रैनू बसला होता. डोळ्यांवर काळा चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. शेजारी त्याची सुनीता. बाईंनी त्याचा वाटा त्याच्या पंच्यात बांधला.

"घे दादा. आता समोर एक बी डोकं नाई. पाय पोरीची मॅच. कोनती आहे हिची?"

सुनीताने पाय पुढे केला. गुडघ्याला जाड पट्टा बांधलेला होता.

"सरावात गेला बाई. डॉक्टर म्हंते या वर्षी नाई. पुढं बी मोठ्या मॅचचं सांगता येत नाई."

बाई त्या गुडघ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्या रैनूच्या शेजारी बसल्या. तो सगळा सामना सुनीता बापाला हळू आवाजात सांगत होती: ही आता डावीकडून जाईल, हिची मी पकड केली असती, हिला मी सोडलं नसतं. रैनू मैदानाकडे पाहायच्या ऐवजी तिच्याकडेच पाहत होता. बाईंनी त्या दिवशी एकाही पंचाला शिवी दिली नाही.

घरी येताना स्कुटीवर त्या एवढंच बोलल्या, "मास्तर, खर्च मिळाला. मॅच मिळाली नाई. हे आयोगाच्या हातात नोहोय."

पण विषय त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. उन्हाळा लागता लागता सुनीताचा गुडघा हलकं खेळण्याइतपत सावरला. बाईंनी तिच्या जुन्या संघातल्या पोरींना फोन लावले. चामोर्शीच्या दोघी, आरमोरीची एक, बाकी धानोऱ्याकडच्या. कुणाच्या वडिलांना खेळणं पसंत नव्हतं, कुणाच्या कडेवर मूल. बाईंनी सगळ्यांना सांगितलं की बसभाडं बंडूभाऊंकडून वसूल झालेल्या खर्चातून मिळेल, आणि नाही आलात तर मी घरी येईन. दुसऱ्या वाक्यानं जास्त काम केलं असावं.

माझी तेव्हा ब्रह्मपुरीला बदली झाली होती. सामान आधीच पुढे गेलेलं. मी पिशवी घेऊन बाईंबरोबर रैनूच्या पाड्यावर गेलो, तिथूनच पुढची बस धरायची होती; पाड्यापर्यंत बस त्याच वर्षी सुरू झाली होती. मोहाचे दिवस होते, सगळ्या पाड्याला तो गोड, उग्र वास. धान मळायच्या जागेवर पोरांनी राखेनं रेषा आखल्या होत्या. सगळा पाडा भोवती जमिनीवर बसला. रैनू चष्म्याशिवाय, अगदी रेषेला लागून. पंच खोब्रागडे बाई.

असा पक्षपाती पंच कबड्डीनं पाहिला नसेल. सुनीताचा पाय रेषेबाहेर गेला तर रेषा चुकीची आखली म्हणायच्या. तिला पकडलं तर तिचा दम सुटला नव्हता, मी ऐकत होते, असं सांगायच्या. विरुद्ध बाजूच्या पोरी हसून हसून दमल्या आणि मग खरंच चिडल्या. पण एक चढाई मात्र बाईंच्या कृपेशिवाय झाली. सुनीता डावीकडून शिरली, एकीला स्पर्श केला, दुसरीच्या मिठीतून निसटली आणि दुखरा पाय ओढत रेषेवर आडवी झाली. रैनू उठून उभा राहिला. दोन्ही हात डोक्यावरच्या फेट्याला लावून नुसता उभा.

पुढच्या हिवाळ्यात बाईंच्या मुलीचा नागपूरहून फोन आला. आई गेली. तीन दिवस ताप, बस. कोर्टाला सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी. शेवटी नर्सवर ओरडत होती, आणि नर्स मीच होते, असं ती म्हणाली. मला जाणं जमलं नाही.

म्हणून बाई मला शेवटच्या दिसल्या त्या त्या पाड्यावरच. माझी बस आली होती, कंडक्टर घंटी मारत होता. मी खिडकीतून मागे पाहिलं. खेळ संपून बराच वेळ झाला होता. विरुद्ध संघाच्या सगळ्या पोरी बाईंना घेरून उभ्या होत्या आणि एकाच वेळी तावातावाने बोलत होत्या. एकीनं कडेवरच्या पोराला खाली ठेवून हातवारे सुरू केले होते. बाई मधोमध, कंबरेला पदर खोचून, कुणाचंही न ऐकता. मग त्यांनी हात वर केला आणि सुनीताच्या संघाला आणखी एक गुण देऊन टाकला.